फ्रान्झ शूबर्ट व त्याचे सवंगडी

शनिवार-रविवारची सुट्टी लागली की आमच्या विद्यार्थ्यांपैकी चारसहा जण कोणा एकाच्या घरी जमतात. कोणी आजोबांचे उपरणे डोक्यास गुंडाळून राजा होतो, कोणी पत्र्याच्या डब्यावर ताल धरतो, कोणी कोळशाने अंगणातील फरशीवर त्या राजाचे चित्र काढतो, आणि ऐन वेळी सुचेल ते गाणे सर्वजण मिळून म्हणतात. सोमवारी ह्यांपैकी काहीएक उरत नाही. फरशी धुतली जाते, उपरणे खुंटीवर जाते व गाणे विस्मृतीत जाते. पालकांस साहजिकच वाटते की, मुलांनी दोन दिवस फुकट दवडले. ह्या वादाचा निकाल आम्ही आमच्या पदरच्या मताने देऊ इच्छीत नाही. त्याऐवजी, ज्याची गीते आज साऱ्या जगात गाइली जातात अशा एका संगीतकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवितो. त्यावरून ज्याने त्याने आपले अनुमान काढावे.

फ्रान्झ शूबर्ट ह्याचा जन्म ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिच्या एका उपनगरात 31 जानेवारी 1797 रोजी झाला. त्याचा बाप शाळामास्तर होता आणि राहत्या घरातच त्याची शाळा भरत असे. त्या दांपत्यास एकंदर चौदा अपत्ये झाली, परंतु त्यांपैकी पाचच जगली. घरात पैसा बेताचा, पण वाद्ये मात्र होती. बापाने मुलास व्हायोलिन शिकविले, वडील भावाने पियानो शिकविला, आणि थोड्याच दिवसांत दोघांचीही विद्या संपून मुलगा पुढे निघून गेला. 1808 साली त्याच्या गोड गळ्यामुळे त्याची निवड बादशहाच्या प्रार्थनामंदिरातील गायकवृंदात झाली, व त्याबरोबरच सरकारी वसतिगृहात राहून शिकण्याची सोय लागली.

वसतिगृहात शिस्त कडक होती व पोटभर अन्नाची वानवा होती. परंतु तेथे रोज सायंकाळी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद वाजत असे. त्या वृंदात योझेफ फॉन श्पाउन नावाचा कायद्याचा एक विद्यार्थी होता. तो शूबर्टहून सुमारे आठ वर्षांनी मोठा. आपल्या पाठीमागे बसून चष्मा लावलेला एक लहानसा मुलगा अचूक व तन्मयतेने व्हायोलिन वाजवितो, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे त्या मुलाने लाजत लाजत कबूल केले की, आपल्याला नवे संगीत सुचते, परंतु ते लिहावयास कागद घेण्याइतके पैसे आपल्यापाशी नाहीत. तेव्हापासून श्पाउन त्यास गुपचूप ओळी आखलेले कागद आणून देऊ लागला. जगातील एका थोर संगीतकाराच्या विद्येचा आरंभ अशा रीतीने एका शाळूसोबत्याच्या पैशांतून घेतलेल्या कागदांवर झाला, ही गोष्ट आमच्या मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी विसरू नये.

पुढे दरबारचा प्रसिद्ध संगीताचार्य सालिएरी हा त्याचा गुरू झाला. 1812 साली त्याची आई वारली. शिक्षण आटोपल्यावर बापाच्या इच्छेस मान देऊन तो बापाच्याच शाळेत अगदी खालच्या वर्गास शिकवू लागला. मुलांना मुळाक्षरे घटविण्याचे ते काम त्यास मनापासून आवडत नसे. परंतु ह्याच काळात त्याच्या प्रतिभेस जो बहर आला त्यास तोड नाही. ऑक्टोबर 1814 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने महाकवी गटे ह्याच्या काव्यातील चरखा फिरविणाऱ्या ग्रेचेनच्या गीतास चाल लाविली. पुढील एका वर्षात त्याने सुमारे एकशेचाळीस गीते रचिली. त्यांतच, अंधाऱ्या रात्री आजारी मुलास पोटाशी धरून घोडा फेकीत जाणाऱ्या बापाचे, ‘एर्लक्योनिग’ नावाचे ते थरारक गीत आहे.

एवढे करूनही जगास त्याचा पत्ता नव्हता. श्पाउनने त्याची काही गीते 1816 साली खुद्द गटेकडे पाठविली, ती उत्तरावाचून परत आली. प्रकाशक दारात उभे करीत नसत. शूबर्ट स्वभावाने भिडस्त, बांध्याने ठेंगणा व गुबगुबीत, आणि व्यवहारात अगदी अजागळ होता. मोठ्यांच्या दारी जाऊन आपली कला विकणे त्याच्याने होणारे नव्हते. 1818 च्या सुमारास त्याने शाळेची नोकरी कायमची सोडली. मग तो जगला कसा, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते: मित्रांच्या आधाराने.

ही मित्रमंडळी मोठी चित्रविचित्र होती. श्पाउन सरकारी नोकर होता. फ्रान्झ फॉन शोबर हा सुखवस्तू घरातील, कविता करणारा, नाटकी वृत्तीचा तरुण. त्याच्या घरी शूबर्ट अनेकदा महिनोन् महिने राहिला. मायरहोफर हा कवी होता. लेओपोल्ड कूपेलवीझर व मोरिट्झ फॉन श्विंड हे दोघे चित्रकार. योहान फोगल हा राजधानीतील नाटकगृहाचा नामांकित गायक, शूबर्टहून जवळजवळ तीस वर्षांनी वडील, परंतु ह्या पोरांत पोर होऊन मिसळणारा. मंडळीत कोणी नवा आला की शूबर्ट प्रथम हेच विचारी की, ह्याला काही येते काय. पैसा किती, कुळ कोणते, ह्याची चौकशी नसे. गाता, चितारता, लिहिता अथवा निदान मन लावून ऐकता येणे, एवढीच तेथे प्रवेशाची अट होती.

1819 च्या उन्हाळ्यात फोगलबरोबर शूबर्ट श्टायर नावाच्या डोंगराळ प्रदेशातील गावी गेला. तेथे कोलर नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी एके दिवशी ‘एर्लक्योनिग’ वाटून घेऊन गाण्याची टूम निघाली. वास्तविक ते एकाच गायकाने गावयाचे गीत. परंतु त्या दिवशी फोगल पिशाचांचा राजा झाला, घरातील मुलगी योझेफीने आजारी मुलगा झाली, शूबर्टने बापाची भूमिका पत्करली, आणि श्टाडलर नावाचा मित्र पियानोवर बसला. त्याच उन्हाळ्यात फोगलच्या वाढदिवसासाठी श्टाडलरने पद्य रचिले व शूबर्टने त्यास संगीत दिले, आणि मंडळींनी ते घरच्या घरी गाऊन उत्सवमूर्तीस चकित केले. तेथे ना तिकीट होते, ना टीकाकार.

परंतु हा सर्व आनंद किती नाजूक पायावर उभा होता, हे पुढल्याच वर्षी कळून आले. त्या काळी ऑस्ट्रियात प्रधान मेटर्निख ह्याचा अंमल होता. छापलेल्या प्रत्येक ओळीवर सरकारी तपासनिसांची नजर होती, आणि विद्यार्थ्यांच्या बैठकींवर गुप्त पोलिसांचा पहारा असे. शूबर्टच्या वसतिगृहातील जुना सोबती योहान झेन हा कवी व स्वतंत्र विचारांचा तरुण होता. मार्च 1820 मध्ये पोलिसांनी त्याच्या बिऱ्हाडावर छापा घातला. त्या वेळी तेथे जे मित्र हजर होते त्यांत शूबर्टही होता. त्यास कडक समज देऊन सोडण्यात आले. झेन मात्र वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिला व नंतर आपल्या टिरोल प्रांतात हद्दपार झाला. त्याच्या आयुष्याची घडी त्यानंतर कधीही नीट बसली नाही. शूबर्टने ह्या मित्रास टाकिले नाही. पुढे त्याने झेनच्या दोन कवितांना चाली लाविल्या आणि 1823 साली त्या कवीच्या नावानिशी छापवून प्रसिद्ध केल्या.

ही घटना मनात ठेवून आता आपण आत्सेनब्रुगला जाऊ. व्हिएन्नाच्या पश्चिमेस टुल्न गावाजवळ हा एक लहानसा वाडा आहे. तो एका मठाच्या मालकीचा असून शोबरचा मामा त्याची व्यवस्था पाही. त्यामुळे दर उन्हाळ्यात शोबर आपल्या स्नेह्यांना दोनतीन दिवसांसाठी तेथे घेऊन जात असे. पुरुष, स्त्रिया, चित्रकार, कवी, कारकून असा मेळा घोडागाड्यांत दाटीवाटीने बसून निघे. कूपेलवीझरने अशाच एका सहलीचे जलरंगी चित्र काढिले आहे. गाडी माणसांनी ओसंडून वाहत आहे, आणि शूबर्ट व खुद्द चित्रकार हे दोघे पायी चालले आहेत.

वाड्यावर पोहोचल्यावर दिवसा बागेत चेंडूचा खेळ चाले. ह्या खेळाचेही चित्र आहे, आणि ते कोणा एकाचे नाही. वाडा व बाग शोबरने रेखाटिली, माणसे श्विंडने घातली, आणि मोन नावाच्या तिसऱ्या मित्राने ते ताम्रपटावर कोरून छापिले. त्यात तरुण मंडळी खेळत आहेत आणि शूबर्ट चिलीम ओढीत स्वस्थ बसला आहे. एकाच्या हातचे चित्र दुसऱ्याने पुरे करावे व तिसऱ्याने ते सर्वांच्या हाती द्यावे, ह्याहून स्नेहाची निराळी व्याख्या ती काय!

सायंकाळी दिवाणखान्यात शब्दांच्या कोड्यांचा खेळ होई. एक शब्द निवडावयाचा, त्याचे तुकडे पाडावयाचे, एकेक तुकडा सोंग आणून दाखवावयाचा, आणि प्रेक्षकांनी तो ओळखावयाचा, अशी त्याची रीत. आपल्याकडे ‘वनवास’ हा शब्द घेतला, तर आधी वन दाखवावे, मग नाकाला पदर लावून वास दाखवावा, तसेच हे. कूपेलवीझरच्या दुसऱ्या चित्रात अशा एका सोंगाचा प्रसंग आहे. आदाम व हव्वा ह्यांच्या पतनाची कथा चालली आहे. कूपेलवीझर स्वतः हात पसरून ज्ञानवृक्ष झाला आहे. शोबरने सर्पाचे काम पत्करिले आहे. एका बाजूस पियानोपाशी शूबर्ट बसला आहे, आणि त्याच्याजवळ एक कुत्रा निवांतपणे पडला आहे. शूबर्टने त्या वेळी काय वाजविले असेल ते कोठेही लिहिलेले नाही. ते त्या घटकेपुरते होते आणि त्या घटकेबरोबरच गेले.

सोंगे आटोपली की नाच सुरू होत. शूबर्ट स्वतः कधीच नाचत नसे. परंतु इतरांसाठी तो तासन् तास पियानोवर बसे, आणि बोटांखाली येतील त्या नव्या चाली वाजवीत राही. त्यांतली एखादी त्याची त्यालाच आवडली तर ती तो पुन:पुन्हा वाजवी, म्हणजे ध्यानात राहून दुसऱ्या दिवशी लिहिता येईल. जुलै 1821 मध्ये आत्सेनब्रुग येथे त्याने लिहून काढिलेले सहा जर्मन नाच ह्याच रीतीचे फळ होत. ते ऐकले असता आजही बागेतील हशा कानी पडल्यासारखा वाटतो. ज्या राज्यात चार तरुण एकत्र जमले तर पोलिसांचे कान टवकारत, त्या राज्यात ह्या मंडळींनी तीन दिवस निर्भयपणे हसण्याची एक जागा निर्माण केली होती. ती जागा वाड्यात नव्हती. ती त्यांच्या परस्परांवरील विश्वासात होती.

येथे आमच्या विद्यार्थिमित्रांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. शूबर्ट हा नुसता खेळगडी नव्हता. रोज सकाळी उठल्याबरोबर तो मेजापाशी बसे आणि दुपारपर्यंत अखंड लिहीत असे. एक रचना संपली की दुसरीस हात घाली. सायंकाळचा खेळ हा सकाळच्या कष्टांवर उभा होता. आणि त्याचबरोबर, सकाळच्या कष्टांत जो ताजेपणा दिसतो तो सायंकाळच्या खेळातून आलेला होता. ह्या दोहोंपैकी एक काढून घेतले असते तर दुसरे कोमेजले असते, असे आमचे मत आहे.

मित्रांचे ऋण केवळ करमणुकीचे नव्हते. प्रकाशक ‘एर्लक्योनिग’ घेईनात, तेव्हा स्नेह्यांनी आपसांत पैसे जमवून 1821 साली ते छापविले. त्याच वर्षी 7 मार्च रोजी फोगलने ते नाटकगृहात भर सभेत गाइले, आणि शूबर्टचे नाव राजधानीत झाले. ज्या बैठकींत केवळ त्याचेच संगीत होई त्यांस मंडळींनी शूबर्टिआड असे गमतीचे नाव दिले. ते आज युरोपच्या संगीतकोशात कायमचे शिरले आहे.

परंतु सुखाचे दिवस थोडे होते. 1822 च्या अखेरीस शूबर्टला एका दुर्धर रोगाने गाठले. काही काळ त्यास इस्पितळात पडून राहावे लागले व डोक्याचे केस गेले. ह्याच सुमारास मंडळी पांगली. शोबर ब्रेस्लाउला गेला, कूपेलवीझर इटलीस गेला. वाचनाच्या बैठकींत नवे लोक शिरले, आणि काव्याऐवजी घोडे, कुत्रे व तलवारबाजी ह्यांच्या गप्पा रंगू लागल्या. मार्च 1824 मध्ये रोममधील कूपेलवीझरला लिहिलेल्या पत्रात शूबर्टने आपले अंतःकरण उघडे केले आहे. आपली प्रकृती पुन्हा कधी धड होणार नाही, जगात आपल्याइतका दुःखी कोणी नाही, आणि जुनी सोबत सुटल्याने जगणे रुक्ष झाले आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्यास आपण वेळ घालविणे म्हणतो ते त्याच्या जिवाचे खरे अन्न होते, हे ह्या पत्रावरून कळते. बागेतील तीन दिवस गेल्यावर ते कोणत्याही किंमतीस परत मिळत नाहीत.

पुढे दुखणे काहीसे हटले, काही मित्र परतले, आणि बैठकी पुन्हा भरू लागल्या. 1827 साली त्याने ‘हिवाळ्यातील प्रवास’ ही चोवीस गीतांची माला रचिली. शोबरच्या घरी तो स्वतः ती गीते गाऊ लागला, तेव्हा त्यांतील घोर खिन्नतेने मित्र गोंधळून गेले. त्यांतले लिंडन वृक्षाचे एकच गीत आपणास रुचले, असे शोबरने सांगितले. शूबर्ट रागावला नाही. ही गीते आपल्याला इतर सर्वांहून अधिक प्रिय आहेत व पुढे तुम्हांसही होतील, एवढेच तो म्हणाला. त्याचे हे भाकीत अक्षरशः खरे ठरले. जिवलग मित्रही कधी मागे राहतात, आणि तरीही ते जिवलगच असतात, हे त्यास ठाऊक होते.

26 मार्च 1828 रोजी मित्रांच्या खटपटीने त्याच्या स्वतःच्या संगीताचा जाहीर जलसा झाला. पूर्वी ज्याच्या अंत्ययात्रेत शूबर्ट मशाल घेऊन चालला होता, त्या बेथोव्हनच्या निधनास त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. त्याच वर्षी 19 नोव्हेंबर रोजी, भाऊ फर्डिनांड ह्याच्या घरी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, शूबर्टने देह ठेविला. त्याच्या मागे राहिलेल्या साऱ्या चीजवस्तूंची किंमत सरकारी नोंदीत 63 गुल्डेन धरली आहे. त्यास बेथोव्हनच्या समाधीजवळ मूठमाती देण्यात आली.

त्याची खरी मिळकत मित्रांच्या व भावाच्या कपाटांत होती. संगीतकार शूमान ह्यास फर्डिनांडच्या घरी एका मोठ्या सिंफनीचे हस्तलिखित आढळले, व 1839 साली लाइप्झिग येथे मेंडेल्सोनने ती प्रथम वाजविली. 1822 साली अर्धवट राहिलेली सिंफनी तर हुटेनब्रेनर नावाच्या मित्रापाशी पडून होती. ती 1865 साली लोकांपुढे आली. सहाशेहून अधिक गीते आज त्याच्या नावावर आहेत. 1868 साली, म्हणजे शूबर्टच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, वृद्ध श्विंडने श्पाउनच्या घरच्या बैठकीचे मोठे चित्र आठवणीने काढिले. त्यात पियानोवर शूबर्ट, शेजारी फोगल, आणि भोवती सारी मंडळी तरुणच्या तरुण बसली आहेत.

शेवटी एक छोटीशी हकीकत सांगून आमची लेखणी आवरती घेतो. ज्ञानवृक्ष झालेल्या त्या कूपेलवीझरचे लग्न 17 सप्टेंबर 1826 रोजी झाले. त्या रात्री शूबर्टने नाचासाठी पियानो वाजविला, आणि त्यांतली एक चाल वधूच्या कानात राहून गेली, अशी त्या घराण्याची सांगी आहे. शूबर्टने ती लिहून ठेविली नव्हती. परंतु त्या कुटुंबात ती एका पिढीने दुसरीस वाजवून दाखवून शिकविली. आपल्याकडे आजीची ओवी नातीच्या तोंडी जाते तशीच ती शंभरांहून अधिक वर्षे हातांतून हातांत गेली. अखेर 1943 साली प्रसिद्ध संगीतकार रिखार्ड श्ट्राउस ह्याने ती ऐकून कागदावर उतरविली. आज ती कोणासही वाजविता येते.

विद्यार्थ्यांनो, सुट्टीत तुम्ही केलेले प्रत्येक सोंग व प्रत्येक गाणे चिरंजीव होईल, असे आम्ही म्हणत नाही. शूबर्टचेही बहुतेक खेळ हवेत विरून गेले. परंतु अभ्यास चोख करून, मोकळ्या मनाने, कोणास कमी न लेखता, चार सवंगड्यांबरोबर काही निर्माण करण्याची सवय लावून घ्या. आणि पालकहो, पुढल्या रविवारी ओटीवर गलका ऐकू आला तर लगेच दटावू नका. घटकाभर दाराआड उभे राहून ऐका. कदाचित तुमच्या स्वयंपाकघरातच एखादी चाल शंभर वर्षे टिकून राहील.